शिळ्या आंबट पिठाच्या आंबोळ्या

पाटण तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यास नाचणीचे मोल वेगळे सांगावयास नको. कोयनेच्या, मोरण्याच्या आणि वांगेच्या खोऱ्यांत जी उताराची वरकस जमीन आहे, तीवर जूनमध्ये तरवा टाकावा, जुलैच्या धो धो पावसात गुडघाभर चिखलात उभे राहून लावण करावी, भांगलण करावी आणि दिवाळीच्या सुमारास कणसे कापून, मळून, वाऱ्यावर देऊन घरी आणावीत, तेव्हा कोठे कणगीत दाणा पडतो. इतक्या कष्टाने मिळविलेल्या धान्याचे पीठ आंबिलीसाठी भिजविले जाते आणि त्यातील वाटीभर, दोन वाट्या पीठ गाडग्याच्या तळाशी उरते. दुसऱ्या दिवशी ते फार आंबट झालेले असते. काही घरांत ते गुरांच्या पाटीत जाते, काही घरांत उकिरड्यावर जाते. क्वचित काटकसरीच्या बुद्धीने ते तसेच चार-पाच दिवस ठेवले जाते आणि मग त्याचा काही भरवसा राहत नाही.

या तिन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. उरलेले आंबट पीठ टाकून देण्याची वस्तू नव्हे, तशीच ती साठवून ठेवण्याचीही वस्तू नव्हे. ती त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी उपयोगात आणण्याची वस्तू आहे. तिचा सर्वांत सोपा व रुचकर उपयोग म्हणजे आंबोळ्या आणि धिरडी. त्या कशा कराव्यात, पीठ का आंबते, किती आंबलेले चालते आणि कोणते पीठ निःसंकोचपणे फेकून द्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती महिला मंडळांच्या व बचत गटांच्या बैठकीत प्रत्यक्ष करून दाखविल्यास तिचा अधिक उपयोग होईल.

पीठ आंबते म्हणजे काय होते?

दाण्याच्या सालीवर, पिठात, भांड्यास व हवेत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. पीठ पाण्यात किंवा ताकात भिजविले की त्यांना अन्न व ओलावा मिळून त्यांची वाढ सुरू होते. त्यांत दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. एक, दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या जातीचे जिवाणू. हे पिठातील साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यामुळे पिठास आंबटपणा येतो. दुसरा प्रकार किण्वाचा, म्हणजे यीस्टचा. यीस्ट व काही जातींचे जिवाणू वायू तयार करतात. तोच वायू बुडबुड्यांच्या रूपाने पिठात अडकतो आणि पीठ फुगते. आंबोळीला तव्यावर जी जाळी पडते ती या बुडबुड्यांची.

आम्लाचा आणखी एक उपयोग आहे. पीठ पुरेसे आंबट झाले म्हणजे रोग उत्पन्न करणाऱ्या बऱ्याच जंतूंना त्यात वाढता येत नाही. म्हणून नीट आंबलेले ताजे पीठ हे नुसत्या भिजवून ठेवलेल्या पिठापेक्षा अधिक सुरक्षित असते. परंतु हे संरक्षण कायमचे नाही. पीठ अनेक दिवस तसेच राहिले की जिवाणूंचे खाद्य संपते, त्यांचा जोर ओसरतो आणि आम्लातही वाढू शकणारी बुरशी पृष्ठभागावर धरू लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गव्हाच्या पिठात चिकट द्रव्य असते, ते वायूला रबरासारखे धरून ठेवते. म्हणून पाव फुगतो. नाचणीत असे द्रव्य नाही. नुसत्या नाचणीच्या पिठातील वायू सहज निसटून जातो. ही उणीव उडदाच्या डाळीने भरून निघते. वाटलेल्या उडदाला जो बुळबुळीतपणा असतो, तो बुडबुडे धरून ठेवण्यास मदत करतो. तांदळाने आंबोळीस घट्टपणा व कडेला कुरकुरीतपणा येतो. नाचणी, तांदूळ व उडीद हा मेळ केवळ चवीसाठी नाही, त्यामागे हे कारण आहे.

उरलेले पीठ म्हणजे विरजण

वाटीभर उरलेल्या आंबट पिठात जिवाणू भरपूर असतात. कमी पडते ते त्यांचे अन्न. म्हणून त्यात ताजे पीठ घातले की ते पुन्हा जोमाने कामास लागतात. जसे चमचाभर विरजणाने तांब्याभर दूध लागते, तसेच हे आहे. नवे पीठ आपोआप आंबण्यास दिवस-दीड दिवस लागतो. जुन्या पिठाचे विरजण लावल्यास तेच काम एका रात्रीत होते.

ही युक्ती जगात अनेक ठिकाणी माणसांनी आपापल्या परीने शोधून काढली आहे. युरोपात पावासाठी आंबविलेल्या पिठाचा गोळा राखून ठेवण्याची चाल फार जुनी आहे आणि राखलेले पीठ जास्त झाले की त्याच्या तव्यावरच्या जाड पोळ्या करतात. आफ्रिकेतील इथिओपिया देशात टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची ‘इंजेरा’ नावाची मोठी जाळीदार आंबोळी रोजच्या जेवणात असते. तेथील स्त्रिया आंबलेल्या पिठावर जमणारे पाणी काढून ठेवतात आणि पुढच्या खेपेच्या पिठास विरजण म्हणून लावतात. आपली नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेतील डोंगराळ मुलखातली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आपल्या घाटमाथ्यावर रुजली. डोंगरातील बारीक धान्य आणि आंबवण्याची कला यांची जोडी दोन्हीकडे सारखीच जमली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पद्धत पहिली : रात्री भिजवून सकाळी आंबोळ्या

साहित्य (मध्यम आकाराच्या १२ ते १५ आंबोळ्यांसाठी) :

उरलेले आंबट पीठ – १ वाटी
नाचणीचे ताजे पीठ – २ वाट्या
तांदूळ किंवा तांदळाच्या कण्या – १ वाटी
उडदाची डाळ – अर्धी वाटी
मेथीचे दाणे – अर्धा लहान चमचा
मीठ – १ लहान चमचा
पाणी – लागेल तसे
तेल – तव्यास लावण्यापुरते

कृती :

१. तांदूळ वेगळे आणि उडीद व मेथी एकत्र अशी दुपारी स्वच्छ धुऊन चार-पाच तास भिजत घालावीत.

२. संध्याकाळी प्रथम डाळ व मेथी पाट्यावर किंवा यंत्रावर अगदी मऊ वाटावी. नंतर तांदूळ किंचित रवाळ वाटावेत.

३. नाचणीचे पीठ पाण्यात गुठळ्या राहणार नाहीत असे कालवावे. त्यात वाटलेले उडीद व तांदूळ मिसळून शेवटी उरलेले आंबट पीठ घालावे आणि हाताने दोन-तीन मिनिटे एकाच दिशेने फेसावे. पळीतून सोडले असता सलग, जाड धार पडेल इतपत पीठ सैल असावे.

४. भांडे निम्म्याहून अधिक भरू नये, कारण पीठ वर येते. वर सैल झाकण ठेवावे. घट्ट झाकण लावू नये.

५. चैत्र-वैशाखात सहा ते आठ तासांत पीठ तयार होते. पावसाळ्यात व थंडीत बारा ते चौदा तास लागतात. अशा दिवसांत भांडे चुलीच्या उबेला, परंतु विस्तवापासून हातभर दूर ठेवावे, किंवा घोंगडीत गुंडाळावे.

६. मीठ कधी घालावे यालाही नियम आहे. मिठाने आंबण्याची क्रिया मंदावते. म्हणून उन्हाळ्यात रात्रीच मीठ घालावे, म्हणजे पीठ अति आंबट होत नाही. थंडीपावसात मात्र सकाळी, तव्यावर घालण्यापूर्वी घालावे.

७. सकाळी पीठ दीडपट वर आलेले, आत बुडबुडे असलेले व दह्यासारखा आंबूस वास येणारे असले म्हणजे ते तयार झाले असे समजावे. फार ढवळू नये. वायू निघून जातो.

८. बिडाचा किंवा लोखंडी तवा चांगला तापवून अर्ध्या कांद्याने तेल फिरवावे. पाण्याचा शिंतोडा मारला असता चुरचुर आवाज येऊन तो लगेच उडाला पाहिजे. मग जाळ मंद करून मध्यभागी पळीभर पीठ घालावे व पळीच्या बुडाने हलकेच पसरावे. आंबोळी जाडसर ठेवावी. झाकण घालून दीड-दोन मिनिटे शिजू द्यावी. वरची बाजू कोरडी दिसू लागली व जाळी पडली की उलथन्याने कडा सोडवून उलटावी आणि मिनिटभर भाजून काढावी.

पावसाळ्यात सरपण ओले असते, जाळ कमीजास्त होतो. अशा वेळी पेटत्या जाळापेक्षा निखाऱ्यांवर आंबोळ्या चांगल्या होतात.

पद्धत दुसरी : तात्काळ धिरडी

पीठ फार आंबट झाले असेल आणि रात्रभर थांबण्यास वेळ नसेल, तर ही पद्धत सोयीची आहे. दोन वाट्या आंबट पिठात एक वाटी नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ व अर्धी वाटी डाळीचे पीठ मिसळावे. त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद, जिरे व मीठ घालून गरजेपुरते पाणी घालावे. शेवग्याचा किंवा मेथीचा कोवळा पाला चिरून घातल्यास उत्तमच. अर्धा तास झाकून ठेवून पातळसर धिरडी घालावीत. यात जुन्या पिठाकडून फुगण्याची अपेक्षा नसते. त्याच्या आंबटपणाने चव येते, एवढेच.

धिरडी हलकी व्हावीत असे वाटल्यास अगदी शेवटी खाण्याचा सोडा चिमूटभर घालावा. पिठातील आम्लाशी सोड्याचा संयोग होऊन वायू निघतो आणि आंबटपणाही थोडा उतरतो. मात्र सोडा जास्त झाल्यास साबणासारखी कडवट चव येते आणि धान्यातील ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. म्हणून सोड्याची सवय लावून घेऊ नये.

नेहमी होणाऱ्या चुका

आंबोळी तव्यास चिकटते – तवा पुरेसा तापला नाही किंवा पिठात तांदूळ कमी पडला. पहिली आंबोळी बहुधा बिघडते. तेवढ्यावरून पिठाला दोष देऊ नये.

जाळी पडत नाही – पीठ घट्ट आहे किंवा आंबले नाही. थोडे कोमट पाणी घालून पाहावे. तरीही न सुधारल्यास आणखी दोन तास ठेवावे.

उलटताना मोडते – पीठ पातळ झाले. दोन चमचे तांदळाचे पीठ मिसळावे.

फार आंबट लागते – जुन्या पिठाचे प्रमाण जास्त झाले. ताजे पीठ वाढवावे. जुने पीठ एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, हा सोपा नियम लक्षात ठेवावा.

आंबट कोणते आणि नासलेले कोणते?

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. नाचणीच्या पिठाचा रंग मुळातच तांबूस असल्यामुळे त्यावर धरलेली बुरशी पटकन नजरेस येत नाही. म्हणून पीठ स्वयंपाकघराच्या अंधारात न पाहता दारात, उजेडात आणून पाहावे.

पिठावर करडे पाणी सुटले आहे, वास दह्यासारखा किंवा ताकासारखा आहे, एवढेच असेल तर पीठ चांगले आहे. पाणी व पीठ एकत्र ढवळून घ्यावे.

परंतु पिठावर किंवा भांड्याच्या कडेस पांढरे, हिरवे, काळे लव आले असेल. गुलाबी, नारिंगी किंवा पिवळे ठिपके दिसत असतील. कुजकट वास येत असेल किंवा ढवळताना लाळेसारख्या तारा सुटत असतील, तर ते संपूर्ण पीठ टाकून द्यावे. वरचा थर काढून खालचे वापरण्याचा मोह धरू नये. बुरशीची मुळे खोल जातात आणि तिचे काही विष तव्यावरच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. असे पीठ गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये, खड्ड्यात पुरावे. भांडे राखेने किंवा साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवावे.

जुने आंबविलेले पीठ दीर्घकाळ साठविणे किती घातक ठरू शकते, याचे एक दुःखद उदाहरण देणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या ईशान्येकडील हेइलोंगजियांग प्रांतात एका कुटुंबाने मक्याच्या आंबविलेल्या पिठाच्या घरगुती शेवया खाल्ल्या. ते पीठ सुमारे वर्षभर शीतपेटीत ठेवलेले होते. एका जातीच्या जिवाणूने त्यात विष तयार केले होते. शिजविल्याने ते विष गेले नाही आणि शेवया खाणाऱ्या नऊही जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडील रात्रभर आंबविलेल्या ताज्या पिठाची आणि त्या पिठाची गोष्ट एक नव्हे. त्यामुळे घाबरून आंबील वा आंबोळी सोडण्याचे कारण नाही. पण ‘आंबट आहे, म्हणजे कितीही दिवस टिकेल’ हा समज मात्र सोडला पाहिजे.

त्यासाठी तीन नियम पाळावेत :

(१) उरलेले पीठ बाहेर ठेवल्यास २४ तासांच्या आत वापरावे. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर वापरावे.

(२) शीतपेटी असल्यास झाकून तीन ते चार दिवसांपर्यंत ठेवण्यास हरकत नाही. त्यापुढे ठेवू नये.

(३) पुढील खेपेसाठी विरजण हवे असल्यास ते जुन्यातून न ठेवता, सकाळी तयार झालेल्या ताज्या पिठातून, मीठ घालण्यापूर्वी वाटीभर काढावे. दुसऱ्या दिवशी आंबोळ्या करावयाच्या नसतील, तर त्याची धिरडी करून ते संपवावे. विरजण पुन्हा नव्याने करणे अवघड नाही.

भांडे कोणते वापरावे?

आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवल्यास आम्लामुळे धातू विरघळून पदार्थ कळकतो आणि उलट्या, पोटदुखी होते. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे. मातीचे गाडगे, चिनी मातीची बरणी, काच किंवा स्टेनलेस स्टील यांपैकी काहीही चालेल. मातीच्या भांड्याच्या छिद्रांत जुने पीठ राहते. त्यामुळे पीठ लवकर आंबते हे खरे, पण त्याच छिद्रांत बुरशीही दडते. म्हणून आठवड्यातून एकदा गाडगे उकळत्या पाण्याने धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही. त्या दिवसांत बरणी किंवा स्टीलचे भांडे अधिक बरे.

आहाराच्या दृष्टीने महत्त्व

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश असतो. आपल्या नेहमीच्या धान्यांत इतके कॅल्शियम दुसऱ्या कोणत्याही धान्यात नाही. सडलेल्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम असते. वाढत्या मुलांना, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि वृद्धांना हे विशेष उपयोगी आहे.

नाचणीत लोहही आहे. परंतु धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेले सर्व लोह अंगी लागत नाही. पीठ आंबविल्याने या द्रव्याचा बराच भाग मोडतो आणि लोह शरीरास अधिक प्रमाणात मिळू शकते. आंबविल्याने धान्यातील कॅल्शियम वा लोह वाढत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जे आहे ते अधिक कामी येते, इतकेच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील दोनतृतीयांशांहून अधिक बालकांत रक्ताची कमतरता आढळली. हे पाहता अंगी लागणाऱ्या लोहाचा प्रत्येक अंश मोलाचा आहे. मात्र रक्त कमी असलेल्या स्त्रीने दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या आंबोळ्या खाते म्हणून बंद करू नयेत.

आंबोळीबरोबर काय खावे, यालाही महत्त्व आहे. लिंबू, आवळा, कोथिंबीर व हिरवी मिरची यांतील क जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करते. म्हणून लिंबू पिळलेली हिरवी चटणी घ्यावी. आपल्याच वरकस जमिनीत पिकणाऱ्या कारळ्याची चटणीही चविष्ट व पौष्टिक आहे. चहा मात्र लोहाच्या शोषणास अडथळा आणतो. न्याहारीच्या जागीच चहा घेण्याऐवजी तो तास-दीड तासाने घ्यावा. लहान मुलांना सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर मऊ आंबोळीचा मधला भाग कुस्करून, बिनतिखट, थोडा थोडा देता येईल.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक दोन दिवसांचे ठेवावे. पहिल्या दिवशी संध्याकाळी एका घरचे उरलेले पीठ घेऊन दोन भांड्यांत सारखेच नवे पीठ भिजवावे. एकात विरजण घालावे, दुसऱ्यात घालू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भांडी शेजारी ठेवून भगिनींना स्वतः पाहू द्यावी. विरजणाचे काम त्यांना व्याख्यानाशिवाय कळून येईल. नंतर त्यांच्यापैकीच एकीला आंबोळ्या घालावयास सांगावे. घरोघरी वडीलधाऱ्या बायकांजवळ प्रमाणांचे व वेळेचे अनुभवाचे ज्ञान असते. ते आधी विचारून घ्यावे आणि मग आपले सांगावे. नासलेल्या पिठाची ओळख व भांड्यांची निवड या दोन बाबी मात्र प्रत्येक बैठकीत न चुकता सांगाव्यात.

वाटीभर पीठ ही दिसावयास लहान वस्तू आहे. पण पावसाच्या धारेत वाकून लावलेल्या पिकाचा तो हिस्सा आहे. ते पीठ वेळेवर तव्यावर पडले तर चार माणसांच्या न्याहारीस हातभार लागतो. उशीर झाला तर ते घरास अपायकारक होते. तेव्हा आंबिलीचे गाडगे रिकामे करताना तळाशी काय राहिले आहे ते पाहावे आणि त्याच संध्याकाळी उडीद भिजत घालावेत.